गिधाडाला आई म्हणणारी माणसे

गिधाड म्हटले की आपल्याकडे शिवीच आठवते. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणाऱ्याला आपण गिधाड म्हणतो. घरावर गिधाड बसले तर अपशकून मानणारी माणसेही आम्ही पाहिली आहेत. पण सगळ्या जगाने या पक्ष्याकडे असे पाहिलेले नाही.

प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत ‘आई’ हा शब्द लिहिताना गिधाडाचे चित्र काढीत. राण्यांच्या मुकुटावर पंख पसरलेले गिधाड असे. तुतनखामेन राजाची कबर १९२२ साली सापडली. त्याच्या सोन्याच्या मुखवट्यावर, कपाळाशी, नागाच्या शेजारी गिधाडाचे डोके आहे. ती नेखबेत देवी. मढे खाणाऱ्या पक्ष्यात त्या लोकांना पंखाखाली घेणारी आई दिसली.

त्याच्याही कितीतरी आधीची गोष्ट तुर्कस्तानातल्या चातालह्योयुक या गावाची. सुमारे ९००० वर्षांपूर्वीचे हे मातीचे गाव १९६० च्या दशकात खणून काढले गेले. तेथे घरांच्या भिंतींवर मोठाली गिधाडे आणि त्यांच्याजवळ मुंडके नसलेली लहान माणसे रंगवलेली सापडली. ही माणसे आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरत. जुने घर पाडून त्याच जागी नवे उभे करीत. २००४ साली तेथे एका स्त्रीचा सांगाडा मिळाला. तिच्या कवेत गिलावा करून रंगवलेली एक कवटी होती. मरण त्यांनी घराबाहेर टाकले नाही. मेलेल्यांच्या उशाशीच नवी पोरे वाढली.

हे वाचताना आम्हांला आपले वाडवडील आठवतात. गावचे मेलेले ढोर त्यांनी ओढायचे, उरलेले गिधाडांनी फस्त करायचे. गाव स्वच्छ राही ते या दोघांमुळे आणि विटाळही या दोघांचाच! १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडा असे बजावले. आपल्या माणसांनी ते सोडले, ढोर ओढणेही टाकले. ते योग्यच झाले. गिधाडाचे काम निसर्गाने दिलेले. आपल्यावर ते माणसांनी लादले होते.

पुढे गिधाडेही गेली. ढोरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचा अंश मढ्यात राही, तो खाऊन ती मेली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक संपली. २००६ साली जनावरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली. तोवर गावाबाहेर ढोरे कुजत पडू लागली होती.

मुलांच्या पुस्तकात पिरॅमिडचे चित्र असतेच. त्यांना हे गिधाडाचे चित्रही दाखवावे आणि विचारावे, घाण काढणारा घाणेरडा कसा? उत्तर त्यांनाच शोधू द्यावे.