सीटमागची बाटली

सायकलच्या सीटमागे पाण्याची बाटली बसवायची, यात लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल. दोन बोल्ट, एक पाना आणि अर्धा तास, एवढेच ते काम. पण या एवढ्याशा कामात आम्हा तिघांचे दोन महिन्यांचे रविवार गेले. ते वाया गेले असे मात्र आम्हाला वाटत नाही. शाळेत विज्ञानाच्या तासाला शिकलेले जडत्व, तरफ आणि विद्युतघट हे तिघेही त्या कामात पुन्हा भेटले. म्हणून शाळेच्या या वार्तापत्रात ती हकीकत लिहावी असे वाटले.

आम्ही तिघे याच शाळेचे, एकाच वर्गातले. एकाचे उद्यमबागेत छोटे लेथचे वर्कशॉप आहे, एक बँकेत आहे आणि तिसऱ्याला चाळिशीनंतर ट्रायथलॉनचे वेड लागले. या तिसऱ्याला आम्ही ‘स्वार’ म्हणतो, येथेही तेच म्हणू. ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे, तिन्ही एकापाठोपाठ एक. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा भारतात पहिल्यांदा झाली. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचे, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि वर २१.१ किलोमीटर धावायचे. बेरीज ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल. नाव त्यावरून पडले. हे सगळे साडेआठ तासांत संपवायचे. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे स्पर्धा झाली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा होणार असे कळताच स्वाराने नाव घातले आणि आम्ही दोघे आपोआप त्याचे मदतनीस झालो.

बाटलीचा प्रश्न आला तो हवेमुळे. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. सकाळी सहाला जांबोटी रस्त्याला लागले की अंगावर गार वारा येतो, घाम येतो तसा वाळूनही जातो. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात की गोष्टच वेगळी. तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. घाम वाळला तरच शरीर थंड होते, गळून गेलेल्या घामाचा त्या कामी काही उपयोग नाही. मग शरीर आणखी घाम काढते. आम्ही याचा हिशेब एका साध्या वजनकाट्यावर केला. सायकल चालवण्यापूर्वी आणि नंतर, अंग पुसून, स्वाराचे वजन घ्यायचे, मध्ये प्यायलेले पाणी हिशेबात धरायचे. घटलेले एक किलो वजन म्हणजे साधारण एक लिटर घाम. बेळगावात तासाला सहाशे ते सातशे मिलिलिटर घाम जात होता. पणजीला जाऊन तोच प्रयोग केला तेव्हा आकडा सव्वा लिटरवर गेला. नव्वद किलोमीटरला स्वाराला सव्वातीन तास लागणार. म्हणजे घाम चार लिटरच्या आसपास. गेलेला सगळा घाम भरून काढायचा नसतो, आणि नुसते पाणी ढोसले तर रक्तातले मीठ पातळ होऊन तेही जिवावर बेतू शकते. तरीही सायकलवर असलेल्या दोन बाटल्या पुरणार नाहीत हे स्पष्ट झाले. वाटेत पाणी मिळते, पण आपल्या पोटाला सवय झालेले मीठ-साखरेचे पाणी आपल्याजवळच असावे लागते. तिसरी बाटली हवीच होती.

ती कुठे लावायची? ट्रायथलॉनची सायकल आपल्या नेहमीच्या सायकलसारखी नसते. स्वार हँडलच्या पुढे आलेल्या दोन दांड्यांवर कोपरे टेकून जवळजवळ पालथा पडलेला असतो, म्हणजे वारा कमी लागतो. एक बाटली दोन्ही हातांच्या मध्ये बसते, तिची नळी तोंडाशी येते. दुसरी फ्रेममध्ये खाली. तिसरीला रिकामी जागा उरते ती सीटच्या मागे. तिथे वाऱ्याचा अडथळाही फारसा होत नाही, कारण पुढे पाठ असते. हात मागे नेला की बाटली हातात येते. दिसत मात्र नाही.

दिसत नाही, यातच सगळी मेख आहे. सरावाच्या काळात एका रविवारी आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. आमच्या पुढे अनोळखी सायकलस्वारांची एक रांग चालली होती. गतिरोधकावरून पहिल्याची सायकल उडाली आणि त्याच्या सीटमागची भरलेली बाटली उसळून रस्त्यावर आली. त्याच्या मागचा मुलगा विशी-बाविशीचा असेल. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि तो कोपरावर पडला. नशिबाने मागून ट्रक येत नव्हता. आम्ही त्याला उठवून कडेला बसवले, जखम धुतली. ज्याची बाटली पडली तो मात्र सरळ पुढे निघून गेला होता. त्याचा काही दुष्टपणा नव्हता. त्याला बिचाऱ्याला काही कळलेच नव्हते. बाटली त्याची, कोपर दुसऱ्याचे.

त्या दिवसापासून आमच्या कामाचा रोख बदलला. बाटली बसते कशी, यापेक्षा ती पडणार नाही कशी, हे आम्ही बघू लागलो.

सीट उलटी करून बघा. खाली दोन सळया दिसतील. बहुतेक सीटांना त्या ७ मिलिमीटर जाडीच्या गोल सळया असतात. कार्बनच्या सळया पुष्कळदा लंबगोल असतात, त्यांना गोल सळईचा क्लॅम्प लावायचा नाही, आणि कार्बन जास्त आवळला तर तडकतो. आमच्या स्वाराच्या सळया गोल, पोलादी. व्हर्निअरने मोजल्या, बरोबर सात भरल्या. सीटचा दांडा या सळयांना मधोमध धरतो. ट्रायथलॉनमध्ये सीट पुढे सरकवलेली असते, त्यामुळे मागच्या बाजूला सळयांची चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी सापडते. बाटलीचा स्टँड तिथे दोन जबड्यांनी सळया पकडतो आणि त्याच्या मागे आलेल्या पट्टीवर बाटलीचा पिंजरा बसतो. पिंजऱ्याच्या दोन बोल्टांमधले अंतर जगभर एकच, ६४ मिलिमीटर. बोल्ट ५ मिलिमीटरचे.

आमची पहिली अडचण अशी की विकत आणलेल्या स्टँडची पट्टी सीटच्या दांड्याच्या बोल्टला घासत होती. सहा मिलिमीटरचे अंतर हवे होते. मग उद्यमबागेत जाऊन अ‍ॅल्युमिनियमचे दोन बुश लेथवर काढले. त्या वर्कशॉपात एक वयस्कर कारागीर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी बुश हातात घेऊन बघितले आणि विचारले, “बुश घातलासा, बोल्ट तोच ठेवलासा काय?” प्रश्न साधा होता, पण महत्त्वाचा. मध्ये सहा मिलिमीटर आले की बोल्ट तेवढाच कमी आत जातो. बाहेरून सगळे ठीक दिसते, आत मात्र दोन-तीन आट्यांवरच सगळा भार. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत पोलादी बोल्ट त्याच्या जाडीच्या दीडपट तरी आत गेला पाहिजे, म्हणजे पाचच्या बोल्टला साडेसात-आठ मिलिमीटर. आम्ही लांब बोल्ट आणायचे ठरवलेच होते, ते मामांना दाखवले तेव्हा त्यांनी मान हलवली.

दुसरी गोष्ट आवळण्याची. हाताला जोर आहे म्हणून आवळत सुटायचे नाही. पाचच्या बोल्टला साधारण ५ न्यूटन-मीटर पुरतात. स्टँडसोबत आलेल्या कागदावरही तोच आकडा होता. आठवते का, बल गुणिले अंतर? पाना वीस सेंटिमीटर लांब असेल तर त्याच्या टोकाला २५ न्यूटन, म्हणजे सुमारे अडीच किलोचा जोर. आम्ही टॉर्कचा पाना वापरला. “लई आवळलं म्हणजे चांगलं आवळलं असं नसतंय,” असे मामा म्हणाले, आणि आटे गेलेला एक जुना स्टँड काढून दाखवला.

तिसरी गोष्ट मिठाची. सीटमागची बाटली गळते, घाम ठिबकतो, गोव्यात खारा वाराही असतो. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम असे दोन निराळे धातू आणि मध्ये मिठाचे पाणी, म्हणजे प्रयोगशाळेतला विद्युतघटच झाला. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते, पांढरी पूड धरते आणि बोल्ट जागीच चिकटून बसतो. म्हणून स्टेनलेस बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लावले. सळयांना मात्र ग्रीसचा थेंबही लागू दिला नाही, उलट स्पिरिटने पुसून घेतल्या. तिथे पकड हवी, निसरडेपणा नको. सराव संपला की सगळे गोड्या पाण्याने धुवायचे, हा नियमही केला.

आता बाटली उडते का, ते बघू. मागचे चाक खड्ड्यातून वर येते तेव्हा सायकलचा मागचा भाग झटक्याने उचलला जातो आणि लगेच खाली येतो. बाटली आपल्या जडत्वाने वरच जात राहते. पाऊण लिटर पाणी आणि बाटली मिळून आठशे ग्रॅमच्या वर वजन. त्यात बाटली सीटच्या दांड्यापासून जितकी मागे, तितकी तरफ लांब आणि स्टँडला बसणारा हिसका मोठा. म्हणून पट्टी शक्य तितकी आखूड धरली, बाटली सीटला जवळ आणली आणि थोडी मागे कलती ठेवली. साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या पिंजऱ्याची पकड सैल वाटली म्हणून जास्त घट्ट पकडणारा प्लास्टिकचा पिंजरा घेतला. वर जुन्या ट्यूबची एक बोटभर रुंद चकती कापून बाटलीवर अडकवली. तिला एक शेपूट ठेवले, म्हणजे अंगठ्याने ओढले की ती सुटते. पंक्चरवाल्याकडे फुकट मिळणारी वस्तू, पण तिने काम चोख केले.

मग परीक्षा. बाटली काठोकाठ भरून सायकल जमिनीवर दहा वेळा आपटली. एकाच गतिरोधकावरून वेगवेगळ्या वेगाने दहा वेळा नेली. खड्ड्यांच्या रस्त्यावर वीस किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा तपासले, कारण नवीन बसवलेली वस्तू पहिल्या वीस किलोमीटरमध्येच सैल होते. एक बोल्ट पाव फेरा फिरला. त्याला लॉकिंगचे निळे द्रव लावले आणि पुढच्या वेळी तो हलला नाही. स्वाराला न बघता बाटली काढण्याची आणि परत ठेवण्याची सवय करायला सांगितले. सीटवर बसताना पाय मागून फिरवण्याची त्याची जुनी सवयही सोडावी लागली, नाही तर पाय बाटलीला लागतो. पाय पुढून, फ्रेमवरून टाकायचा. हे शिकायला त्याला बाटली बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही दोघे मिरामारला रस्त्याच्या कडेला उभे होतो. या स्पर्धेत पुढच्या सायकलच्या आडोशाने चालवायला बंदी असते. दोन सायकलींच्या पुढच्या चाकांमध्ये १२ मीटर अंतर ठेवावे लागते. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. म्हणजे पुढच्याची बाटली पडली तर मागच्याला विचार करायला जेमतेम सव्वा सेकंद. आम्ही हा हिशेब आदल्या रात्री वहीवर केला होता, त्यामुळे पहिल्या फेरीत स्वार समोरून गेला तेव्हा दोघांनीही त्याच्या तोंडाकडे न बघता सीटमागे बघितले. बाटली जागेवर होती. शेवटपर्यंत राहिली, रिकामी होऊन घरी आली. स्वार आठ तासांच्या आत पोचला. त्याच्या पाठोपाठ त्या रस्त्यावरून किती जण गेले ते आम्ही मोजले नाही. त्यांच्यापैकी कोणालाही आमच्या बाटलीची दखल घ्यावी लागली नाही, याचे समाधान मात्र त्याच्या पदकाइतकेच वाटले.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण सायकलने शाळेत येता. ट्रायथलॉनची सायकल तुमच्याकडे नसेल, पण मागे कॅरिअर असतो, त्यावर दप्तर असते, कधी डबा, कधी धाकटी बहीण. ते सगळे तुमच्या पाठीमागे असते, तुम्हाला दिसत नाही, आणि सुटले तर मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाते. आज घरी जाण्यापूर्वी सायकल स्टँडवर कॅरिअर एकदा हाताने हलवून बघा. सैल लागला तर दहा नंबरचा पाना बहुधा पुरेल. दप्तराचा पट्टा लोंबत असेल तर तोही आत खोचा, चाकात जाऊ देऊ नका.