नामदेवांच्या तालुक्यातले आम्ही

हिंगोली म्हटले की पुण्या-मुंबईचे लोक विचारतात, "म्हणजे नांदेडजवळ का?" 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळे होऊन आमचा जिल्हा झाला, तरी हा प्रश्न काही सुटला नाही. वाळवंट म्हणावे असे आमच्याकडे काही नाही. जमीन काळी आहे, हळदीचा बाजार मोठा आहे. पण उन्हाळा लागला की कयाधूच्या पात्रात धूळ उडते, विहिरींचे तळ दिसू लागतात, आणि गाव सगळ्या जगापासून लांब गेल्यासारखे वाटते.

अशा गावात मराठीत लिहिणारे आम्ही पाच-सहा मुसलमान. एक मास्तर आहे, एक अडतीवर हिशेब लिहितो, एक शिंपी, एक पेंटर. पेंटरचा हात असा की एकाच पाटीवर देवनागरी आणि उर्दू शेजारी-शेजारी लिहिली तरी दोन्ही एकाच घरातल्या वाटत. फ्लेक्स आले आणि त्याचे ब्रश डब्यात गेले. रात्री शिंप्याचे दुकान बंद झाले की मशीन बाजूला सारून आम्ही तिथेच बसतो, कापडाच्या चिंध्यांवर. वाचन होते, भांडणे होतात, चहा होतो.

आम्हांला दोन्हीकडून ऐकावे लागते. घरातली वडीलधारी म्हणतात, "अपनी जबान छोडके मराठी में कायको लिखते रे?" घरात बोलतो ती दखनी, हे खरे. पण शाळेत पहिली ओळ गिरवली ती मराठीत, रडू आले ते मराठी धड्यांनी. मग कविता कोणत्या भाषेत उगवणार? दुसरीकडे, एका नियतकालिकाकडे आम्ही कविता पाठवली, तर संपादकांचे पत्र आले : कविता चांगली आहे, मात्र 'रहीम' आणि 'गनी' या शब्दांना तळटीप द्यावी, मराठी वाचकाला अडखळायला होते.

पत्र वाचून शिंपी हसला. त्याचे म्हणणे असे, की या शब्दांची तळटीप नर्सीला जाऊन मागा.

नर्सी आमच्याच तालुक्यात, कयाधूच्या काठी. परंपरा संत नामदेवांचा जन्म इ.स. 1270 सालचा आणि नर्सीचा सांगते. जन्मस्थळावरून अभ्यासकांत वाद आहेत, ते त्यांनी घालावेत. नामदेव जातीने शिंपी, ही गोष्ट आमच्या मित्राला विशेष महत्त्वाची वाटते. पंढरपुरात, चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन करणारा हा माणूस पुढे चालत-चालत पंजाबात गेला, घुमानला बरीच वर्षे राहिला. 1604 साली गुरू अर्जनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची 61 पदे आहेत. शेख फरीद आणि कबीर यांची वाणीही त्याच ग्रंथात आहे. आणि तिलंग रागातल्या एका पदात नामदेव देवाला चक्क करीम, रहीम, अल्लाह, गनी अशा नावांनी हाक मारतात. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी माणसाला हे शब्द परके वाटले नाहीत. वाटेत भेटले, पटले, त्याने उचलले.

तीर्थयात्रेतली एक कथा आम्हांला फार जवळची. ज्ञानदेव आणि नामदेव मारवाडच्या वाळवंटातून चालले होते. तहान लागली, विहीर सापडली, पण पाणी खोल. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म होऊन आत उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांना असे काही येत नव्हते. त्यांनी विठ्ठलाला हाका मारल्या आणि विहीर काठोकाठ भरून वाहू लागली. बिकानेरजवळचे कोलायत हे या कथेचे ठिकाण मानले जाते. चमत्कार झाला की नाही, ते बाजूला ठेवू. आटलेल्या विहिरीपुढे उभा राहून जो गाऊ शकतो तो आमच्याच भागातला असणार, एवढे मात्र नक्की.

आमच्या वडिलांच्या पिढीला ते वाळवंट ऐकून ठाऊक होते. हैदराबादेहून अजमेरमार्गे जयपूरला जाणारी मीटरगेजची मीनाक्षी एक्सप्रेस हिंगोलीवरून जायची. उरुसाच्या दिवसांत स्टेशनवर पोरासोरांसह गठुडी बांधून लोक बसलेले असत. परत येताना अजमेरहून बांगड्या, सुरमा, गुलाबाच्या वाळक्या पाकळ्या आणि कव्वालीच्या चाली येत. त्या चालींवर आमच्या गल्लीत लग्नाची गाणी रचली गेली. 2008 साली पूर्णा-अकोला मार्ग रुंद झाला, जुनी गाडी गेली. चाली राहिल्या. तिकडचे छिपे, म्हणजे कापडावर ठसे उमटवणारे कारागीर, नामदेवांना आपला मानतात. छिप्यांत हिंदू आहेत, मुसलमानही आहेत.

2015 च्या एप्रिलमध्ये 88वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा महाराष्ट्रातून रेल्वे भरून लोक गेले. आमच्यापैकी कुणाला जाता आले नाही. पेंटरला पैशांची अडचण, मास्तरांना परीक्षांचे पेपर. पण घुमानची माणसे इकडे येतातच. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला आलेले पंजाबी यात्रेकरू पुढे नर्सीला वळतात. मागच्या हिवाळ्यात आम्ही तिथे होतो. एक म्हातारे सरदारजी पायरीवर बसून तेच तिलंगातले पद म्हणत होते. भोवती गावची पोरे जमली. एकाने विचारले, "काका, गनी म्हंजी काय?" सरदारजींना मराठी येईना. शिंपी खाली बसला आणि म्हणाला, "ज्याला कुणाकडं काही मागावं लागत नाही, तो." मग तेच त्याने सरदारजींना दखनीत सांगितले. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला, सुईने खरबरीत झालेली बोटे पाहिली आणि विचारले, "दर्जी?"

त्या रात्री दुकानात आम्ही ती कविता पुन्हा लिहून काढली. पेंटरने सुंदर अक्षरात प्रत केली. तळटीप घातली नाही. पाकीट सकाळी पोस्टात टाकले. उत्तर अजून आलेले नाही.