कळसूबाईहून उंच पाण्यात

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर उंच. कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या हद्दीवरच्या टाहो तलावाचं पाणी त्याच्याही अडीचशे मीटर वर आहे, १,८९७ मीटरवर. मी डाइव्हिंग शिकले तारकर्लीत. तिथे हवेच्या दाबाचा विचार कुणी करत नाही. समुद्रावर तो एक असतो, विषय संपला. टाहोला तो ०.८ च्या आसपास असतो आणि सगळी भानगड या कमी पडलेल्या दोन दशांशांत आहे.

गोटी सोडा आठवा. बाटली बंद असते तोवर गॅस पाण्यात गुपचूप विरघळलेला असतो, गोटी आत ढकलली की फसफसतो. पाण्याखाली आपल्या रक्तात, स्नायूंत, सांध्यांत नायट्रोजन असाच मुरतो. सावकाश वर आलं तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर अंगातच बुडबुडे होतात. सांध्यात झाले तर ठणका, मज्जारज्जूत झाले तर पाय लुळे. वर येताना दाब किती पटीने उतरला हे इथे महत्त्वाचं. समुद्रात १८ मीटरवरून वर येताना तो साधारण २.८ पटीने उतरतो, टाहोत ३.२ पटीने. म्हणजे टाहोचे १८ मीटर समुद्रातल्या सुमारे २२ मीटरांएवढे धरायचे. पाडीच्या छापील तक्त्यात १८ मीटरला ५६ मिनिटं मिळतात, २२ ला फक्त ३७.

हे गणित पाण्याखाली कोण करणार? मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो. ज्यूरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान या डॉक्टरने डोंगरातले तलाव धरूनच हे गणित मांडलं (स्वित्झर्लंडमध्ये दुसरं काय असणार!), आणि आजचे कितीतरी कॉम्प्युटर त्याच गणितावर चालतात. पण कॉम्प्युटरला आपण कुठे आहोत हे कळलेलं असावं लागतं. काही कॉम्प्युटर हवेचा दाब स्वतः मोजतात. ते पाण्यात शिरण्याआधी काठावरच चालू करायचे. काहींना उंची हाताने सांगावी लागते.

माझ्या मावसभावाने दुकानातून भाड्याने आणलेला दुसऱ्या जातीचा होता. काठावर मी तो हातात घेऊन सेटिंग उघडलं, तर उंची शून्यावर. समुद्र!

"अगं, आकडे तर बरोबर दाखवतोय की," दादा म्हणाला.

"दाखवतोय, पण मालवणचे."

त्या सेटिंगवर त्याने आम्हाला पाऊण तास खुशाल खाली राहू दिलं असतं. बदलायला अर्धा मिनिट लागला. माझ्या मते भाड्याचा कॉम्प्युटर आणि भाड्याची स्कूटर, दोन्ही ब्रेक तपासल्याशिवाय घेऊ नयेत.

आणखी एक गोष्ट कॉम्प्युटर आपणहून धरेलच असं नाही. सॅन होजेहून गाडीने वर पोचतो तेव्हा अंगात समुद्रसपाटीचा नायट्रोजन असतोच. न बुडताच आपण एक डाइव्ह करून आल्यासारखे असतो. तो निघून जायला साधारण बारा तास द्यायचे. म्हणून शुक्रवारी रात्री नऊला पोचून शनिवारी सकाळी दहाला आम्ही एमराल्ड बेच्या थंडगार पाण्यात उतरलो. तिथे बुडालेल्या जुन्या लाकडी बार्जेस आहेत, आणि पाणी असं नितळ की मालवणच्या माणसाला हेवा वाटावा.

दोन डाइव्ह झाले. दुपारी दोनला बाहेर आलो, तर दादाला संध्याकाळीच घरी निघायचं होतं. कॉम्प्युटरवर विमानावर काट मारलेली खूण होती.

"आपल्याला कुठं विमानाने जायचंय?"

घरचा रस्ता एको समिटवरून जातो, २,२५० मीटरवरून. उतरण्याआधी साडेतीनशे मीटर चढायचं, म्हणजे दाब आणखी कमी. ही खिंड कॉम्प्युटरला ठाऊक नसते, ती आपणच लक्षात ठेवायची. समुद्रात एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर विमानासाठी किमान अठरा तास थांबा म्हणतात. मी तोच आकडा खिंडीला लावला.

दादा चिडला. सोमवारी त्याची सकाळची मीटिंग होती, तिची तयारी व्हायची होती. रात्री मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये पोहे करून खाल्ले, मिरची नव्हती. काट मारलेलं ते विमान रविवारी सकाळी गेलेलं होतं. आम्ही अकराला निघालो.