थरथरता हात आणि माऊस

अब्बा निवृत्त शिक्षक. चिपळूण तालुक्यातल्या शाळांत त्यांची सारी नोकरी झाली. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. कंपवातामुळे पेन धरवत नव्हते, म्हणून मी माझा जुना लॅपटॉप आणि एक माऊस त्यांना दिला. एकेका बोटाने त्यांचे लिहिणे सुरू झाले.

एका रविवारी पुण्याहून घरी गेले, तर अब्बा गप्प बसलेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या कोयनेच्या भूकंपाची आठवण त्यांनी चार दिवस खपून लिहिली होती. क्लिक करताना हात हलला, सगळा मजकूर निवडला गेला आणि पुढची कळ दाबताच पुसला गेला. त्यांच्या ते ध्यानातही आले नाही. फाइल तशीच जतन करून त्यांनी बंद केली.

“अब्बा, जरा हात स्थिर ठेवून क्लिक करा ना,” मी म्हणाले.

अब्बांनी लॅपटॉप मिटला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. अम्मी भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “हात स्थिर राहिला असता तर त्यांनी पेनच नसतं का धरलं?”

ते वाक्य मला लागले. संगणकावर काम करण्यात माझी वीस वर्षे गेली. यंत्र आपल्या सोयीने वळवायचे, हाच माझा धंदा. आणि मी वळवायला निघाले होते अब्बांच्या हाताला.

मी स्वतः इमॅक्स वापरते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये जीएनयू इमॅक्स प्रसिद्ध केले. मजकूर लिहिण्याचे हे साधन फुकट मिळते, आणि लिस्प भाषेत दोन-चार ओळी लिहून त्याची जवळजवळ प्रत्येक सवय बदलता येते. त्या रात्री मी ते अब्बांच्या लॅपटॉपवर टाकले आणि माऊसच्या सवयी एकेक करून तपासल्या.

बटण दाबलेले असताना माऊस तीन पिक्सेलपेक्षा जास्त सरकला, की इमॅक्स ते ‘ओढणे’ समजते आणि मजकूर निवडते. ही मर्यादा ‘डबल-क्लिक-फझ’ या नावाने नोंदलेली असते. तिथे मी तीनाचे तीस केले. थरथरत्या बोटाने एकाऐवजी दोन क्लिक होत, म्हणून ‘डबल-क्लिक-टाइम’ला ‘निल’ दिले; आता लागोपाठचे दोन क्लिक वेगवेगळेच धरले जातात. मधले चाक चुकून दाबले, तर आधी निवडलेला मजकूर भलतीकडे चिकटतो. उजवे बटण तर त्याहून धोक्याचे: एकाच जागी दोनदा दाबले की मजकूर कापला जातो. या दोन्ही बटणांना मी ‘इग्नोर’ ही आज्ञा जोडली. काहीही न करणे, एवढेच तिचे काम. आणि निवडलेल्या मजकुरावर कळ दाबली तर तो पुसायचा नाही, ही इमॅक्सची मूळचीच रीत. ती तशीच ठेवली.

आठ-दहा ओळींचे काम. मला ते वर्षभरापूर्वीच सुचायला हवे होते.

सकाळी अब्बांना बसवले. भीत भीत त्यांनी क्लिक केले. हात हलला; पडद्यावरचा मजकूर होता तिथेच राहिला. त्यांनी मुद्दाम उजवे बटण तीन-चारदा दाबून पाहिले.

“काहीच होत नाही की गं!”

“तसंच सांगितलंय त्याला, अब्बा. हाताच्या थरथरीकडे दुर्लक्ष कर म्हणून.”

ते हसले. मग मराठी मजकुराखाली त्यांनी उर्दूची एक ओळ लिहून पाहिली. २०१२ मध्ये आलेल्या चोविसाव्या आवृत्तीपासून इमॅक्सला उजवीकडून डावीकडे जाणारी लिपीही नीट दाखवता येते. एकाच पानावर दोन्ही भाषा आपापल्या दिशेने चाललेल्या पाहून मास्तर खूश झाले.

भूकंपाची आठवण त्यांनी पुन्हा लिहिली. “तेव्हा जमीन हलत होती, आता हात,” लिहिता लिहिता म्हणाले. “पहिलं जास्त चांगलं झालं होतं, बेटा.” असेलही. ते मला परत आणून देता आले नाही.

आजार वाढतो आहे. पुढे कदाचित हे तीस पिक्सेलही पुरणार नाहीत. तो आकडा वाढवता येईल. ‘हात स्थिर ठेवा’ असे मात्र अब्बांना मी पुन्हा म्हणणार नाही.