चिऊताईच्या दाराशी

काऊ बाहेर पावसात कुडकुडतोय आणि चिऊताई काही दार उघडत नाही. बाळाला उठवायचं, न्हाऊ घालायचं, अंगडं, टोपडं, काजळ, तीट. सगळं उरकल्यावर कडी निघणार. गोष्ट म्हणून यात घडतं काय? एक शेणाचं घर वाहून जातं आणि फार उशिरा एक दार उघडतं. तरी आमच्या तीन वर्षांच्या नातीला रोज रात्री हीच गोष्ट लागते, तीही जशीच्या तशी. झोप यायची तिला, पेंगते मी. पेंगता पेंगता काजळ टोपड्याच्या आधी घातलं गेलं, की मिटत आलेले डोळे टक्क उघडतात. "आजी, टोपडं आधी!"

फ्रॉइडने हे १९२० सालीच लिहून ठेवलंय. तोच विनोद मोठ्यांना दुसऱ्यांदा ऐकवला की हसू येत नाही; मुलं मात्र तीच गोष्ट पुन्हा मागतात आणि त्यात जरा बदल केला की चूक दाखवतात. म्हणजे व्हिएन्नातल्या आज्यांचीही सुटका नव्हती तर!

ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. नवे शब्द सगळ्यांच्या कानावर सारख्याच वेळा पडले, पण वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा त्याच त्या गोष्टी ऐकणाऱ्यांना ते अधिक आले. मला हे पटतं. पुढे काय होणार ही धाकधूक संपली की कान शब्दाकडे वळतो. नातीने उभ्या जन्मात अंगडं पाहिलेलं नाही, ती टी-शर्टातच वाढतेय. पण परवा बाहुलीला माझा हातरुमाल गुंडाळून म्हणाली, "अंगडं घातलं."

शब्द मिळतात तो वरचा नफा. तिचा दिवस आठवला की मला वेगळंच वाटतं. कधी उठायचं, कधी जेवायचं, डोक्यावर पाणी कधी पडणार, आई ऑफिसला कधी निघणार, तिला कोण विचारतं? सगळं अंगावर येऊन आदळतं. चिऊच्या घरात तीच अंघोळ, तेच कपडे, पण पुढचं पाऊल तिला आधीच ठाऊक. तिथे हुकूम तिचा चालतो.

चिऊचा कोतेपणा मला अजून टोचतो. एका रात्री न राहवून मी पहिल्याच हाकेला दार उघडून काऊला आत घेतलं. नात ताडकन उठून बसली. काऊला परत पावसात जावं लागलं, आणि बाळाची अंघोळ पहिल्यापासून सुरू झाली.