विचारून घ्यावं
शेजारच्या खालांचे गुडघे दुखतात. कब्रस्तानाच्या कुंपणावर चढलेल्या एका अनोळखी वेलीचा कंद उकळून प्यायचा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. मी म्हटलं, "खाला, दोन दिवस थांबा."

झाडं ओळखणाऱ्या हौशी मंडळींना मी लाल-पिवळ्या, ज्वाळेसारख्या फुलाचा फोटो पाठवला. त्यांनी पानाचं टोक दाखवायला सांगितलं. टोक तारेसारखं वळलेलं होतं. उत्तर आलं: कळलावी! सगळी वेल विषारी, कंद तर जीवघेणा. त्यातलं कोल्चिसिन डॉक्टर सांध्यांच्या एका आजारावर देतातही, पण मिलिग्रॅममध्ये मोजून.

खालांनी कंद फेकला, हात धुतले. ठाऊक नसेल तर जाणकारांना विचारा, ही कुरआनची शिकवण औषधालाही लागू आहे.