कोऱ्या वहीला खातं हवं

भेट आलेली जाड पानांची वही बहुतेक घरांत कपाटातच पिवळी पडते. सवड नाही, सुचत नाही, ही कारणं वरवरची. खरी अडचण तिला दिलेल्या मानाची. हिच्यात चांगलंच काही लिहायचं असं ठरलं की पेनाचं टोपण निघत नाही. व्यापाऱ्याच्या वहीला हा मान वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला मिळतो. हळदकुंकू वाहिलं की ती कामाला लागते. रोजमेळात दिवसाची देवघेव येईल त्या क्रमाने उतरते, मग खतावणीत ज्याची रक्कम त्याच्या खात्यावर जाते. उल्हासनगरचा बाजार ज्यांनी उभा केला, त्या सिंधी व्यापाऱ्यांची जुनी हिशेबी लिपी तर स्वरचिन्हंही बहुधा गाळायची. वाचणाऱ्याला कळलं की पुरे. कोऱ्या वहीलाही सुबक मजकूर नको, एखादं खातं हवं.

खाती शोधायला लांब जावं लागत नाही. बदलापुरात पावसाळाभर उल्हास नदीच्या पाण्याचं खातं ठेवता येईल: तारीख, वेळ, काठावरच्या कोणत्या खुणेपर्यंत पाणी चढलं. पुराची तारीख सगळ्यांना पाठ असते, 26 जुलै 2005 कोणी विसरलेलं नाही. पण एरवी पाणी कुठवर येतं हे माहीत असेल, तरच ते वेगळं वागू लागल्याचं वेळेत ओळखू येतं. चित्रवहीला अंबरनाथचं शिवमंदिर आहे. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060 हे वर्ष आहे. यावर कोणी म्हणेल, मोबाइल असताना पेन्सिल कशाला? मोबाइल सगळी भिंत एका क्षणात टिपतो आणि पाहण्याचं काम पुढे ढकलतो. ढासळलेल्या शिखरावर उरलेल्या छोट्या शिखरांच्या ओळी मात्र मोजल्याशिवाय कागदावर उतरत नाहीत. चित्र वेडंवाकडं आलं तरी मोजणी झालेली असते.

याहून वजनदार आक्षेप असा की, ही कारकुनी झाली, यात सर्जन कुठे? उत्तर खतावणीतच आहे. सुट्या नोंदी एका नावाखाली आल्या की रोजमेळात न दिसलेला संबंध दिसू लागतो, आणि कोणत्या नावाखाली काय घ्यायचं हे ठरवणं कल्पकतेचंच काम. शिवाय खातं आपल्याच नावाचं असायला हवं असं नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि एका आप्ताने त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर 1952 मध्ये पुस्तक निघू शकलं. असं दुसऱ्याचं खातं उल्हासनगरातही उघडता येईल. उल्हासनगर हे नाव 1949 चं. फाळणीनंतर सिंधमधून इथल्या लष्करी छावणीत जे दहाव्या वर्षी आले, ते आज नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या तोंडचा एखादा शब्द, तो कोणत्या गल्लीतला, कोणत्या पदार्थाचा, एवढं देवनागरीत उतरवायला ना प्रतिभा लागते ना सुंदर अक्षर. शेजारी बसायला तास-दोन तास लागतात. अशा वहीचं पहिलं पान कोरं राहण्याचं कारणच उरत नाही, कारण त्यावर आधी नाव पडतं ते समोरच्याचं.